मुलगी म्हणते, क्रिमिनॉलॉजी घेणार!

नमस्कार मंडळी. मागून पोह्यांचा वास यायला लागलाय आणि तुमचं लक्ष कुठे आहे ते मला इथून दिसतंय, तरी जरा वेळ बसा.

मी इथे लेस्टरलाच सिक्स्थ फॉर्म कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते. कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फर्ग्युसन नाहीतर रुईया येतं, पण इथलं हे कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी, वय 16 ते 18, युनिव्हर्सिटी त्याच्यानंतर. आणि इथे साइड नसते, मूल बहुतेक तीनच विषय घेतं आणि दोन वर्षं तेवढेच करतं, त्यामुळे ते तीन कुठले यावर घरात महाभारत होतं. दर ऑगस्टमध्ये जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, रिझल्ट लागला की अॅडमिशनच्या टेबलाशी कुणीतरी आपले आई-बाबा येऊन बसतात, मुलगी सांगते क्रिमिनॉलॉजी (म्हणजे गुन्हेगारीशास्त्र), लॉ, सायकॉलॉजी, आणि वडील माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून हळूच मराठीत विचारतात, मॅडम, हे सिरियल बघून आलंय का हो डोक्यात? खरं सांगू, बऱ्याचदा तिथूनच आलेलं असतं. मग काय झालं! पांढरा कोट बघून डॉक्टर व्हायचं ठरवणारी मुलं आपल्याला चालतातच की.

या तीन विषयांत नेमकं काय शिकतात ते यादी वाचून कळणार नाही, म्हणून एक केस सांगते, आपल्याच गावाशेजारची. नारबरो आणि एंडरबी, इथून गाडीने जेमतेम वीस मिनिटं. 1983 ला आणि परत 1986 ला, दोन वेगवेगळ्या शाळकरी मुलींवर अत्याचार करून खून झाले. दुसऱ्या खुनात पोलिसांनी 17 वर्षांच्या एका मुलाला धरलं आणि चौकशीत त्याने कबुलीही दिली. पहिला खून मात्र तो मान्य करेना. आता लेस्टर युनिव्हर्सिटीत अॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं होतं, पोलिसांनी नमुने त्यांच्याकडे दिले, मनात हे की पहिला खूनही याच्याच नावावर सिद्ध होईल. उत्तर आलं, दोन्ही खून एकाच माणसाने केलेत आणि तो माणूस हा मुलगा नाही! म्हणजे बघा, खुनाच्या तपासात डीएनएने पहिल्यांदा काय केलं तर गुन्हेगार पकडला नाही, निरपराध सोडवला. मग आसपासच्या साधारण पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले, कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं, ते पबमधल्या गप्पांत फुटलं, आणि 1988 मध्ये त्याला जन्मठेप झाली.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं एकदम गप्प होतात, कारण तो मुलगा त्यांच्याच वयाचा.

आता क्रिमिनॉलॉजीचा वर्ग विचारणार, पुरावा कुणी गोळा केला, कसा केला, त्यावर किती भरवसा ठेवायचा, पेपरवाल्यांनी काय छापलं. हा डब्ल्यूजेईसी बोर्डाचा अप्लाइड डिप्लोमा आहे, चार युनिट, प्रत्येकाला 25 टक्के. दोन युनिटची दीड-दीड तासाची परीक्षा आणि दोनची आठ-आठ तासांची कंट्रोल्ड असेसमेंट, म्हणजे वर्गातच देखरेखीखाली करायचं काम, एका बैठकीत नाही हो, घाबरू नका. एका युनिटमध्ये तर मुलांना स्वतःची जनजागृतीची मोहीम आखायला लागते, पोस्टर वगैरे करून, आणि मग आईबापांना वाटतं ही काय चित्रकला चाललीय. पण गुन्हा घडूनही लोक तक्रार का करत नाहीत, हे आधी समजल्याशिवाय ते पोस्टर होत नाही. घरातल्या मारहाणीबद्दल आपल्या समाजात कोण किती बोलतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

सायकॉलॉजी विचारणार, न केलेला खून कुणी कबूल कसा काय करतं? दबाव, अधिकारी माणसापुढे मान तुकवणं, आठवणीचा कच्चेपणा, हे सगळं सिलॅबसमध्ये आहे. लॉफ्टस आणि पामरचा 1974 चा प्रयोग बघा, सगळ्यांना तेच अपघाताचे व्हिडिओ दाखवले, पण काहींना विचारलं गाड्या 'लागल्या' तेव्हा वेग किती होता आणि काहींना विचारलं 'धडकून चक्काचूर झाल्या' तेव्हा किती होता, तर दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला आणि आठवड्याने त्यांच्यातल्या साधारण तीनातल्या एकाला फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या तिथे नव्हत्याच. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या एका क्रियापदाने साक्ष बदलते. पण एक आत्ताच सांगून ठेवते, सायकॉलॉजी म्हणजे मनं वाचणं नाही. एक्यूए बोर्डाच्या पेपरांत निदान चौथा हिस्सा रिसर्च मेथड्स आणि निदान दहा टक्के मार्क गणिताचे असतात, गणितापासून पळून इथे आलेली मुलं ऑक्टोबरात रडत माझ्याकडे येतात. आणि फोरेन्सिक सायकॉलॉजी हा पर्यायी भाग आहे, तो शिकवायचा का अॅग्रेशन शिकवायचं हे कॉलेज ठरवतं, मूल नाही. ओपन इव्हनिंगला हे आधी विचारा.

लॉ विचारणार, कायद्याने हा गुन्हा नेमका कुठला, आणि मनातला हेतू सिद्ध कसा करायचा. इथे मला आपल्या लोकांसाठी थोडं थांबायचंय. किरणजीत अहलुवालियाची केस लॉच्या वर्गात हमखास येते. पंजाबातून लग्न करून इथे आलेली बाई, दहा वर्षं मार खाल्ला, 1989 मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तेव्हा कायदा म्हणायचा की चिथावणीमुळे खून झाला असं म्हणायचं तर ताबा 'अचानक' सुटलेला पाहिजे, मध्ये वेळ गेला की ते सिद्ध करणं अवघड. 1992 च्या अपिलात चिथावणीचा मुद्दा टिकला नाही, पण मनःस्थितीच्या मुद्द्यावर खटला परत चालवायचा हुकूम झाला आणि ती सुटली. पुढे 2009 च्या कायद्याने 'अचानक' ही अटच काढली.

आता तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना काही आठवलं का? नानावटी! 1959, मुंबई, नौदलातल्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या ती केस. तिथेही 'गंभीर आणि आकस्मिक चिथावणी' हाच मुद्दा होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवलं, आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, बायकोने प्रेमप्रकरण सांगितल्यानंतर हा माणूस बोटीवर गेला, रिव्हॉल्व्हर घेतलं, मग त्या प्रियकराकडे गेला, डोकं शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने फोनवर ही केस तिला सांगितली, पेपरात काय काय यायचं त्यासकट, आणि पोरीने वर्गात दोन्ही केस शेजारी ठेवून असं काही मांडलं की आमचे लॉचे सर मलाच विचारायला आले, हा नानावटी कोण?

आता तुमचे नेहमीचे प्रश्न. वकील व्हायला ए लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या या दोन वर्षांत, लॉ लागतो का? नाही, ऑक्सफर्डलासुद्धा लागत नाही, हिस्टरी-इंग्लिश घेतलेली मुलं आरामात जातात. मग घ्यायचा कशाला, तर अठराव्या वर्षी तीन वर्षांची फी भरायच्या आधी कळावं की हे आपल्याला झेपतंय का आणि आवडतंय का. दुसरं, क्रिमिनॉलॉजीचे यूकॅस पॉइंट, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी धरतात ते गुण, ए लेव्हलएवढेच, पण पॉइंट मिळाले म्हणजे प्रत्येक युनिव्हर्सिटी तो विषय ए लेव्हलसारखा धरेल असं नाही, काही नाही धरत. कोर्सच्या पानावर बघा, तिथे नीट लिहिलेलं नसेल तर सरळ फोन करा. तिसरं, आणि हे माझं वैयक्तिक मत, माझ्या कॉलेजने ऐकलं तर रागावतील, तिन्ही विषय एकत्र घेऊच नका. क्रिमिनॉलॉजीत थोडा लॉ आणि थोडी सायकॉलॉजी परत येतेच. त्यातले दोन घ्या, तिसरा बायोलॉजी घ्या, मॅथ्स घ्या, इंग्लिश घ्या, काहीतरी लांबचं. फोरेन्सिक सायंटिस्ट व्हायचंय म्हणत असेल तर केमिस्ट्रीशिवाय बोलूच नका, लॅबमध्ये रक्ताचे डाग तपासणाऱ्याला लोम्ब्रोसोची 'जन्मजात गुन्हेगारा'ची थिअरी कुणी विचारत नाही.

चला, पोहे आले. ज्यांचे फॉर्म भरायचेत ते प्लेट घेऊन इकडे माझ्या बाजूला या, आणि मुलांनाही आणा, त्यांच्याशिवाय मी काही बोलणार नाही.