लेख तुमचे, पत्ताही तुमचाच हवा

नमस्कार, श्रोतेहो.

गोव्यात गावागावांतल्या जत्रांना मराठी नाटक होतं. त्या नाटकांची जुनी हँडबिलं, तालमीचे फोटो, कुणी कोणती भूमिका गाजवली याच्या आठवणी, हे सगळं आपल्याकडे घरोघरी कपाटात पडून आहे. कुणी कुळागरावर टिपणं काढतं, कुणी आजीच्या पाककृती उतरवून ठेवतं. यातलं थोडंफार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं आणि चार दिवसांत वर सरकून दिसेनासं होतं. या ऐवजाला टिकाऊ जागा हवी, म्हणजे स्वतःची छोटीशी वेबसाईट किंवा ब्लॉग हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आता प्रोग्रामिंग यावं लागत नाही, वेबसाईट बिल्डर, म्हणजे वेबसाईट बनवायच्या तयार ऑनलाईन सेवा, ते काम करतात. त्यातला कोणता घ्यायचा, एवढंच ठरवायचं असतं.

बहुतेक जण टेम्प्लेट, म्हणजे पानाचा तयार साचा, बघून ठरवतात. मी सांगेन, आधी तिथून बाहेर पडायची वाट बघा. जिओसिटीज ही एके काळी जगभर गाजलेली फुकट वेबसाईटची सेवा. याहू कंपनीनं ती १९९९मध्ये विकत घेतली आणि २००९मध्ये अमेरिकेत बंद केली. ज्यांनी आपली पानं वेळेत उतरवून घेतली नाहीत, त्यांच्या हाती काही राहिलं नाही. म्हणून खातं उघडण्याआधीच विचारून घ्या: उद्या इथून निघायचं झालं, तर माझे लेख एका फाईलमध्ये मिळतील का?

ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर ते मिळतात. वर्डप्रेसवरही मिळतात, आणि ती फाईल दुसरीकडच्या वर्डप्रेसमध्ये घालता येते. स्क्वेअरस्पेस बरंचसं देतं, सगळं नाही. विक्स दिसायला देखणं, वस्तू हव्या तिथे ओढून ठेवता येतात, पण तिथली वेबसाईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे वेबसाईट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, नेता येत नाही. चित्रकाराला किंवा फोटोग्राफरला चार-पाच पानांची मांडणी हवी असेल, तर विक्स चालेल. वर्षानुवर्षं लिहीत राहायचं असेल, तर मी ते सुचवणार नाही. गूगल साईट्स फुकट आणि सोपं आहे, पण त्यात ब्लॉगची सोय नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसमधून निघणाऱ्या फाईलमध्ये लेख असतात, फोटोंचे मात्र फक्त दुवे असतात. हँडबिलं स्कॅन केलीत, की मूळ प्रती आपल्याकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच.

आता मराठीचा प्रश्न, आणि आपल्यासाठी तो सगळ्यात मोठा. हे बिल्डर बनतात इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून. म्हणून टेम्प्लेट आवडलं तरी लगेच पैसे भरू नका. आधी मथळ्यात एक वाक्य टाईप करा: ‘सत्तरीच्या दऱ्याखोऱ्यांत आर्द्रा नक्षत्राचा पाऊस’. आणि ते स्वतःच्या फोनवर उघडून बघा. दऱ्यातला अर्धा र नीट उमटला का? आर्द्रामधला रफार वरून छाटला गेला नाही ना? दोन ओळींचा मथळा असेल, तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडत नाही ना? कित्येक टेम्प्लेटांत मथळ्याच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. हे अंतर शून्य करायची आणि ओळींमधली जागा वाढवायची सोय सेटिंगमध्ये आहे का, ते बघा. मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट निवडता येतो का, तेही बघा. यातलं काहीच जमत नसेल, तर ते टेम्प्लेट कितीही सुंदर असो, आपल्या कामाचं नाही.

लेखाच्या पत्त्याचंही, म्हणजे लिंकचंही, तसंच. मराठी मथळा दिला, की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग पोस्ट’ आणि आकडे घालतो. वर्डप्रेसचा मराठी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला, तर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. दोन्हीकडे पत्ता हाताने बदलता येतो. प्रसिद्ध करण्यापूर्वीच तो रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत लिहून टाका.

पैशांचं थोडक्यात सांगतो. नुसतं लिहायचं असेल, तर ब्लॉगरपासून सुरुवात करा. ते फुकट आहे, आणि तुम्ही विकत घेतलेलं डोमेन, म्हणजे वेबसाईटचं स्वतःचं नाव, त्याला जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमच्या किंवा विक्सच्या फुकट योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, जाहिरातीही दिसतात. स्वतः होस्टिंग घेऊन वर्डप्रेस बसवलंत, तर हवं ते करता येतं, पण अपडेट, बॅकअप आणि सुरक्षा तुमच्या गळ्यात येते. घरात ते बघणारं कुणी असेल, तरच त्या वाटेला जा.

खर्च करायचाच असेल, तर पहिला डोमेनवर करा. डोमेन हाती असलं, की बिल्डर बदलला तरी वाचकांना तुम्ही त्याच नावावर सापडता. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४पासून मिळतं. ते हौसेनं जरूर घ्या, पण जोडीला रोमन लिपीतलंही ठेवा, कारण बऱ्याच जणांच्या फोनवर मराठी कीबोर्ड लावलेलाच नसतो. पहिल्या वर्षाच्या स्वस्त भावाला भुलू नका, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाला किती पडतील ते आधी वाचा. आणि डोमेन घेताना नाव तुमचं, ईमेल तुमचा असू द्या. वेबसाईट करून देणारा भाचा असो की व्यावसायिक, त्याच्या खात्यावर नोंदणी नको. नूतनीकरणाची तारीख आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.

नमस्कार.