मसाईच्या पठारावर, सावकाश

सकाळचे साडेसहा. पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठारावर धुकं अजून उठलेलं नाही. दहा हातांपुढचं गवतही दिसत नाही.

पायताण एका दगडाजवळ काढून ठेवलंय. जांभ्याचा खडक रात्रीच्या पावसानं गार पडलाय, त्याच्या भोकाभोकांत पाणी साचलंय. टाच टेकते. मग चवडा. बोटं आपोआप पसरतात, एक खडबडीत कड तळव्याला टोचते आणि तेवढ्यात दुसरी टाच उचललेली असते. इथे करायचं ते एवढंच: पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, हे तिथल्या तिथे कळू द्यायचं.

चालणं आपल्या भागाला नवं नाही. माघातल्या रविवारी कोल्हापुरातून अनवाणी निघून जोतिबाचे खेटे घालणारी माणसं आहेत. याच पठारावरून जुलै १६६० च्या भर पावसात शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले, तेव्हा तर पावलापावलाला घाई होती. पण ते सगळं कुठेतरी पोचण्यासाठीचं चालणं. इथे पोचायचं कुठेच नाही.

पावलावर लक्ष ठेवून असं सावकाश चालणं हेही ध्यानच. बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात, पालीत चंकम. पठाराच्या उतारावर पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत. त्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की हा शब्द पुस्तकातला वाटत नाही. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, चंक्रमणाचे पाच फायदे सांगितलेत. लांबच्या प्रवासाची ताकद येते, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं. आणि पाचवा, मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो: चालताना मिळालेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते.

वाट लांब लागत नाही. वीस-तीस पावलांची सरळ पट्टी पुरते. टोकाला गेलं की थांबायचं, उभ्या अंगाचा भार दोन्ही पायांवर जाणवू द्यायचा, मग वळायचं. मन पळतं ते बहुधा या वळणावरच. घरचं, कामाचं, कालचं बोलणं, सगळं तिथे गाठतं. पळालं हे कळलं की पुन्हा टाचेपाशी यायचं. स्वतःवर चिडायचं नाही. मी सुरुवातीला फार चिडायचो, आणि त्या चिडण्यातच अख्खी फेरी निघून जायची.

नजर चार-पाच हात पुढे, खाली. तेवढ्यातही गवतात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दिसतात. बघावीत, पण थांबून. एका वेळी एकच काम.

पठारावर रोज येता येत नाही. म्हणून एरवी पहाटे कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर, गर्दी व्हायच्या आत. परवा एक काका झपाझप पुढे गेले, थांबले, मागे वळले.

"काय रं, पाय मुरगाळलाय काय?"

"न्हाय काका. सावकाश चालतोय."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग काही न बोलता दिव्याच्या खांबापर्यंत माझ्या चालीनं चालले.