चित्र आणि बॉर्डर यांच्यामधले दोन मिलिमीटर

मंडळी, पडद्यावर एक फ्रेम आहे, म्हणजे पानावर फोटो बसवायची चौकट. रुंदी ६० मिलिमीटर, उंची ४०. आत त्याच मापाचा फोटो, भोवती बारीक काळी बॉर्डर. फोटो बॉर्डरला अगदी चिकटलाय, मध्ये जरा मोकळी जागा हवी. अशा वेळी हात लगेच स्केलकडे, म्हणजे फोटो टक्क्यांत लहान-मोठा करण्याकडे, जातो. करूनच बघू. ९० टक्के. फोटो झाला ५४ बाय ३६. मधोमध ठेवला. आता मोजा. वर-खाली २ मिलिमीटर सुटलेत आणि डावी-उजवीकडे ३. वाचणाऱ्याला हा फरक नेमका सांगता येणार नाही, पण पान कुठेतरी बिघडलंय हे त्याला जाणवतं.

टक्का दोन्हीकडे सारखा लावला, म्हणूनच मिलिमीटर वेगवेगळे आले. आता हिशेब उलटा करा. चारही बाजूंना २ मिलिमीटर सोडायचे, तर आत उरतात ५६ बाय ३६. आपला फोटो तीनास दोन प्रमाणातला. तो ५६ रुंद केला की उंची ३७.३ होते, म्हणजे वर-खाली मिळून १.३ मिलिमीटर कापावेच लागतात. कापायचं नसेल, तर फोटो आहे तसा राहू द्या आणि फ्रेमच ६४ बाय ४४ करा. पानावर जागा असेल तेव्हा मी हेच करतो. ज्यानं फोटो काढला त्यानं कडा विचार करून ठरवलेल्या असतात, त्या आपण का छाटायच्या?

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या फ्रेमला 'इनसेट स्पेसिंग', म्हणजे कडेपासून आत सोडायची जागा, असतं, फोटोच्या फ्रेमला तो रकाना नसतो. तिथे 'फ्रेम फिटिंग ऑप्शन्स' उघडा आणि क्रॉपच्या चारही रकान्यांत उणे २ लिहा. अधिक आकड्यानं फोटो कापला जातो, उणे आकड्यानं जागा सुटते. मात्र फोटोचं प्रमाण जुळत नसेल, तर एवढ्यानं भागत नाही. कारण फ्रेम फोटो कापते ती स्वतःच्या कडेवर, आपण मनात धरलेल्या आतल्या रेषेवर नव्हे. तेव्हा सरळ दोन फ्रेम घ्या. आतली फोटो कापेल, बाहेरची बॉर्डर सांभाळेल. दोन्ही ग्रुप करून टाका.

लिबरऑफिस रायटर या मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या 'बॉर्डर्स' टॅबवर 'पॅडिंग', म्हणजे बॉर्डर आणि चित्र यांच्यामधली जागा, आहे, तिथे काम सोपं. मजकूर चित्रापासून दूर ठेवणारं 'रॅप' मात्र बॉर्डरच्या बाहेरचं अंतर. ते कितीही वाढवलं तरी आत काहीच हलत नाही.

आणखी एक गोष्ट, बॉर्डरची जाडी. ती फ्रेमच्या कडेवर मधोमध बसवली असेल, तर अर्धी आत येते. पॉइंट हे छपाईतलं जाडी मोजायचं माप. ४ पॉइंटच्या बॉर्डरचे २ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, आपल्या २ मिलिमीटरमधून गेले. स्ट्रोक, म्हणजे बॉर्डरची रेघ, फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला लावा, मग आतलं माप शाबूत राहतं.

आणि हा शेवटचा फोटो बघा. याची पार्श्वभूमीच पांढरीशुभ्र आहे. आपण सोडलेली पट्टी तीत विरून गेली. फोटो कुठे संपला तेच कळत नाही. इथे मी बाहेरच्या फ्रेममध्ये अगदी फिकट राखाडी रंग भरतो. हे बघा, पट्टी परत दिसायला लागली.