साथ आली तेव्हा नाचलेलं गाव

मंडळी, चिनी ड्रॅगननृत्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल-सोनेरी कापडाचा, झगमगत्या खवल्यांचा ड्रॅगन येतो. काठ्यांवर उचललेला, नववर्षाला बाजारपेठेतून मिरवणारा. आज ज्या ड्रॅगनबद्दल बोलायचं आहे, त्याच्या अंगावर कापडाची चिंधीसुद्धा नाही. जाड दोरावर गवत बांधलेलं आणि त्या गवतात हजारो पेटत्या उदबत्त्या खोचलेल्या. लांबी 67 मीटर. दिवसाउजेडी पाहिलात तर गवताची भली मोठी पेंढी वाटेल. अंधार पडून उदबत्त्या पेटल्या, की मग त्याचा ड्रॅगन होतो.

हा ड्रॅगन हाँगकाँग बेटावरच्या ताय हँगचा. कॉजवे बेच्या गजबजलेल्या बाजारामागे, डोंगराच्या पायथ्याशी ही वस्ती आहे. आता तिथे उंच इमारती आहेत, कॉफीची दुकानं आहेत, त्यांना खेटून मोटारींची गॅरेजं आहेत. 1880 मध्ये मात्र ते हक्का लोकांचं, म्हणजे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचं, लहानसं गाव होतं. डोंगरातून ओढा यायचा, त्यावर कपडे धुतले जायचे, आणि समुद्र अगदी दारात होता.

गावात सांगतात ती गोष्ट अशी. त्या वर्षी मध्य-शरद उत्सवाच्या, म्हणजे चिनी आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सणाच्या, तोंडावर वादळ झालं. पाठोपाठ एक अजगर गावात शिरला आणि कोंबड्या-डुकरं गिळू लागला. लोकांनी त्याला मारलं. सकाळी पाहतात तर मेलेला अजगर गायब! मग गावात साथ आली, माणसं पटापट दगावू लागली. अशात गावातल्या एका वडीलधाऱ्याला स्वप्नात दृष्टान्त झाला: उत्सवात अग्नीचा ड्रॅगन नाचवा, फटाके उडवा. गावानं तीन दिवस, तीन रात्री ड्रॅगन नाचवला आणि साथ ओसरली. फटाक्यांतल्या गंधकाच्या धुरानं रोग पळाला, असाही खुलासा देतात. मला तो खुलासा थोडा घाईचा वाटतो. गोष्ट दंतकथा आहे, तिला तसंच राहू द्यावं.

पण या गोष्टीत एक फार चीनी गंमत आहे. पाश्चात्त्य कथांमधला ड्रॅगन मारायचा असतो. चीनमधला ड्रॅगन पाण्याचा धनी, पाऊस देणारा; त्याला आळवायचं असतं. ताय हँगमध्ये दोन्ही घडलं. सरपटणारा जीव मारला, आणि त्याच आकाराचा, त्याच्याहून कितीतरी मोठा जीव स्वतःच्या हातांनी बांधून खांद्यावर घेतला. काही जण तर सांगतात, की तो अजगर सागराच्या ड्रॅगनराजाचाच मुलगा होता. म्हणजे हे नृत्य जितकं संरक्षणासाठी, तितकंच क्षमा मागण्यासाठी.

ड्रॅगन बांधतात कसा, ते जरा तपशिलात सांगतो. डोक्याला वेताची चौकट. दात पत्र्याचे, कातरलेले. डोळ्यांच्या जागी विजेऱ्या, जीभ लाकडी, लाल रंगवलेली. हे डोकं जवळजवळ 48 किलोंचं, त्यामुळे ते धरणारा माणूस सतत बदलावा लागतो. धडाचे 32 भाग. ड्रॅगनपुढे दोन ‘मोती’ असतात, ज्यांच्या मागे तो धावतो. हे मोती म्हणजे काठीवर टोचलेली दोन पपनसं, त्यांतही चहूबाजूंनी उदबत्त्या! आधी लिन फा कुंग या ग्वानयिन या करुणेच्या देवीच्या मंदिरात पूजा होते, ड्रॅगनच्या डोळ्यांत बुबुळं रंगवली जातात, आणि मग ढोल-झांजांच्या गजरात तो गल्ल्यांत शिरतो. उदबत्त्या विझत आल्या की थांबायचं, जळक्या काड्या उपटायच्या, नव्या खोचायच्या, पुन्हा निघायचं. तीन रात्रींत सत्तर हजारांच्या आसपास उदबत्त्या लागतात. राख अंगावर पडते, धुरानं डोळे चुरचुरतात. तीनेकशे माणसं आळीपाळीनं हे ओझं वाहतात.

वाहणारे परंपरेनं पुरुषच. मुली कमळाचे कंदील घेऊन पुढे चालतात. याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. साथीत काय फक्त पुरुषच मेले होते?

आता आपल्याकडे येऊ, कारण धागा खरोखरच इथवर येतो. ताय हँगच्या साथीनंतर 14 वर्षांनी, 1894 मध्ये, हाँगकाँग शहरात ब्युबॉनिक, म्हणजे गाठीचा, प्लेग पसरला. त्याच वर्षी जंतुशास्त्रज्ञ अलेक्सांद्र येर्सँ यांना तिथे प्लेगचा जंतू सापडला. दोनच वर्षांत प्लेग मुंबईत होता. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत तो ओळखला मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. आकासियो व्हिएगस यांनी. हाँगकाँगमध्ये गोऱ्या सोल्जरांनी चिनी वस्तीतल्या घरांत शिरून माणसं आणि सामान बाहेर काढलं होतं, चुना फासला होता. 1897 मध्ये पुण्यात रँडच्या कारकिर्दीत काय झालं, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. एकच ब्रिटिश साम्राज्य, एकच रोग, एकच रीत. आणि सरकार दारात सोल्जर धाडत असताना लोक काय करत होते? आपल्या खेड्यांत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत होते. रोगाला हद्दीबाहेर घालवायचं, तेही सगळ्या गावानं मिळून, हा विचार ताय हँगला परका नव्हता. तिथेही ड्रॅगन शेवटी समुद्रात सोडायची रीत आहे. उरलेल्या उदबत्त्या मात्र लोक घरी नेतात.

या नृत्याचा अर्थ विचारला की पुस्तकी उत्तर मिळतं: समृद्धी, सौभाग्य. मला ते अपुरं वाटतं. साथीत माणूस माणसापासून तुटतो, दारं लागतात. त्या वेळी अख्ख्या गावानं एकच दोर धरायचा, हे खरं त्यातलं मर्म. म्हणून आजही ड्रॅगन वाहायला ताय हँगशी नातं असलेली माणसं लागतात, भाड्याचे नाचे चालत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, जपानी ताब्याच्या वर्षांत, हा नाच बंद पडला होता. 1967 पासून हाँगकाँगमध्ये फटाक्यांवर बंदी आली, म्हणजे दृष्टान्तातला अर्धा उपायच गेला, उदबत्त्या राहिल्या. 2011 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं. आणि मग कोविड आला. साथ घालवण्यासाठी सुरू झालेला नाच साथीमुळेच थांबवावा लागला! रस्त्यावरचा ड्रॅगन परतला तो थेट 2023 मध्ये.

कुणाला जाऊन पाहायचा असेल तर तिथी सांगून ठेवतो. चिनी आठव्या महिन्याची चतुर्दशी, पौर्णिमा आणि पुढची रात्र. आपल्या पंचांगात ती पौर्णिमा कधी भाद्रपदात येते, कधी आश्विनात. 2024 मध्ये अनंत चतुर्दशी आणि हा उत्सव एकाच दिवशी, 17 सप्टेंबरला आले. अशा वर्षी गणपती सोडून कोण जाणार म्हणा! 2025 मध्ये मात्र तो कोजागिरीला, 6 ऑक्टोबरला आला. असं कोजागिरीचं वर्ष धरून तिकीट काढा, ताय हँगच्या वुन शा स्ट्रीटवर संध्याकाळी लवकर जाऊन जागा पकडा, आणि राखेनं भोकं पडली तरी चालतील असे कपडे घाला.