रेफरनंतरचा दीड महिना

(दृश्य : बाळंतिणींचा कक्ष, दुपार. खाटेवर आई, शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ ताई बाळाच्या श्रवण चाचणीचं छोटं यंत्र सुरू करतात.)

या बाळाला जन्मून दोन दिवस झालेत. आत्ताच दूध पिऊन झोपलंय, आणि ताई त्याचीच वाट पाहत होत्या. जागं बाळ हातपाय झाडतं, चोखतं, कुरकुरतं आणि तो सगळा आवाज यंत्रात शिरतो. ताई टोपडं हलकेच वर सरकवतात, कानाची पाळी जराशी खाली ओढतात आणि कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक बसवतात. टोचणं नाही, दुखणं नाही. मिनिटभरात यंत्राच्या पडद्यावर शब्द येतो : पास. मग बाळाची कूस बदलून दुसरा कान. इथे मात्र वेळ लागतोय. टोक काढून पुसलं, परत बसवलं, परत पाहिलं. शेवटी शब्द आला : रेफर.

आई विचारते, "ताई, म्हणजे काय झालं?"

आमची ही फिल्म त्या प्रश्नाबद्दल आहे. पुढच्या दीड महिन्यात त्याचं उत्तर शोधायला कोण जातं, कोण जात नाही आणि न जाणाऱ्या बाळाचं काय होतं, याबद्दल.

(दृश्य : कानाच्या आतल्या भागाचं रेखाचित्र. गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी.)

रेफर म्हणजे बहिरेपणा नव्हे. यंत्राला कानाकडून अपेक्षित उत्तर मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानात गर्भजल असतं, अंगावरचा पांढरा चिकट थर कानाच्या नळीत अडकलेला असतो. घरी कुणी प्रेमानं कानात तेलाचे थेंब सोडले असतील, तर तेही आड येतात. (तेल घालू नका असं डॉक्टर सांगतात ते केवळ चाचणीसाठी नाही, जंतुसंसर्गाचीही भीती असते.) म्हणून पहिल्या चाचणीत अडकलेली बहुतेक बाळं दुसऱ्या चाचणीत सहज पास होतात.

पण सगळी नाही. जगभरातले आकडे सांगतात, की हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना कायमस्वरूपी श्रवणदोष असतो. महाराष्ट्रात वर्षाला साधारण १८ लाख बाळं जन्मतात. सगळ्यात कमी प्रमाण धरलं, तरी दरवर्षी अठराशे बाळं. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांमध्ये हे प्रमाण कितीतरी पट जास्त असतं.

आता कानाकडून उत्तर येतं म्हणजे नेमकं काय? आपल्या अंतर्कर्णात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशी आवाज नुसता झेलत नाहीत, तर आवाज आला की स्वतः आकुंचन-प्रसरण पावतात आणि त्या हालचालीतून अगदी क्षीण असा आवाज उलट बाहेर येतो. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञानं हा आवाज मोजून दाखवला. कान आवाज ऐकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कान स्वतः आवाज करतो हे पटायला वेळ गेला. त्या रबरी टोकात एक बारीक स्पीकर आहे आणि एक बारीक माइक. स्पीकर टकटक करतो, माइक कानाचं उत्तर टिपतो. रुग्णालयात या चाचणीला सगळे ओएई म्हणतात.

त्याआधी बाळाला ऐकू येतं का, हे माणसं डोळ्यांनीच ठरवत. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात मॅरियन डाउन्स या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी नवजात बाळांच्या कक्षातच ही तपासणी सुरू केली. ठरावीक आवाज करायचा आणि बाळ दचकतं का, पापणी हलवतं का, ते स्वयंसेवकांनी पाहून लिहायचं. पद्धत कच्ची होती, चुका पुष्कळ होत. पण श्रवणदोष जन्मतःच शोधला पाहिजे हा हट्ट त्यांनी पुढे अनेक दशकं सोडला नाही. आज अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त नवजात बाळांची श्रवण चाचणी होते. मला वाटतं, त्यामागे यंत्राइतकाच या बाईंचा चिवटपणा आहे.

(दृश्य : घराची ओसरी. आजी बाळाच्या मागे स्टीलची थाळी वाजवते. बाळ मान वळवतं.)

आपल्याकडे ही चाचणी घरोघरी आजी करते. थाळी वाजवली, बाळानं मान वळवली, झालं! "ऐकू येतंय की चांगलं." पण श्रवणदोष असलेलं बाळही मान वळवू शकतं. त्याला जमिनीतून आलेली थरथर कळते, आजीच्या हाताची सावली दिसते, आईची नजर कुठे गेली ते दिसतं. शिवाय बहिरेपणा सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाला थाळीचा दणका ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' हे हलके आवाज मुळीच पोहोचत नाहीत. अशा बाळाला दार आपटलेलं कळेल, पण आईनं सांगितलेली गोष्ट अर्धीमुर्धी कळेल.

आणखी एक फसवी गोष्ट. ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, गुरगुरतं, हसतं. त्यामुळे घरात शंका येतच नाही. साधारण सहा-सात महिन्यांनी 'बाबाबा', 'दादादा' यायला हवं ते येत नाही, आणि तेव्हा घरातलं कुणीतरी सांगतं, "याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." आणखी एक वर्ष असंच जातं. जिथे नवजात तपासणी होत नाही, तिथे मूल दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरांकडे पोहोचतं, कधी तीन वर्षांचं झाल्यावर.

ही दोन-तीन वर्षं परत मिळत नाहीत, आणि माझी सगळी कळकळ याच एका गोष्टीची आहे. भाषा शिकण्यासाठी मेंदू सगळ्यात मोकळा असतो तो याच काळात. १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. ऐकू येणं थोडं कमी असो की फार कमी, घर गरीब असो की श्रीमंत, फरक तसाच राहिला. जगभरात यातून एक वेळापत्रक रूढ झालं : एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू.

(दृश्य : एसटी स्टँड. बाळाला छातीशी धरलेली आई, हातात कागदांची पिशवी.)

हे वेळापत्रक आपल्याकडे नेमकं कुठे मोडतं? यंत्रापाशी नाही. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर २०१३ साली आपल्या पालघरमधूनच झाली, आणि जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत पहिल्यापासून आहे. अनेक रुग्णालयांत यंत्रं आली. वेळापत्रक मोडतं ते दुसऱ्या भेटीपाशी.

आपल्या बायकांचा रस्ता पाहा. पहिलं बाळंतपण माहेरी. चाचणी झाली माहेरच्या तालुक्यात, रेफरचा कागद मिळाला माहेरच्या रुग्णालयात, आणि सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतीण निघाली सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात. कागद पिशवीच्या तळाशी. सासरच्या आशाताईंना हे बाळ रेफर आहे, हे कुणी सांगितलेलंच नाही. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर विचारू नका. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, आणि परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. कोयत्यावर गेलेल्या आईला दुसऱ्या चाचणीची तारीख देणं सोपं आहे. ती तारीख पाळायची म्हणजे दिवसाची मजुरी आणि मुकादमाची परवानगी, दोन्हींचा प्रश्न. या आईला कुणी निष्काळजी म्हणालं, की मला राग येतो.

यावर सुचलेला सगळ्यात शहाणा मार्ग मला केरळात दिसतो. २००३ साली भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या कोची शाखेनं, डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकारानं, एक साधी व्यवस्था उभी केली. प्रत्येक रुग्णालयानं यंत्र विकत घ्यायचं नाही. एकच यंत्र आणि ते चालवणारी प्रशिक्षित व्यक्ती, ठरलेल्या वारी या रुग्णालयातून त्या रुग्णालयात. बाळ घरी जायच्या आधी पहिली चाचणी. आणि जे बाळ अडकेल त्याची दुसरी चाचणी दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी. म्हणजे आईला वेगळा फेरा नाही, वेगळी तारीख लक्षात ठेवायची नाही. लसीला तर ती येतेच.

दीड, अडीच, साडेतीन महिने : लसीच्या या तारखा आपल्या घराघरांत पाठ असतात. शिवाय बाळ जन्मल्यावर आशाताई घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळिसावा दिवस म्हणजेच दीड महिना! लसीच्या कार्डावर 'कानाची चाचणी : रेफर' एवढं ठळक लिहिलं, तर सासरच्या आशाताईंना ते वाचता येईल आणि ऊसतोडीच्या गावातल्या नर्सताईंनाही. कार्ड आईबरोबर जातं, रुग्णालयातली फाइल जात नाही.

(दृश्य : मंद उजेडाची खोली. आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ, कपाळाला आणि कानांमागे चिकटवलेल्या तारा.)

दुसऱ्यांदाही रेफर आलं, तर पुढची चाचणी बेरा. कानात आवाज सोडायचा आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेतून संदेश पोहोचतोय का, ते कपाळावरच्या तारांनी टिपायचं. बाळ गाढ झोपलेलं लागतं, कधी झोपेचं औषध द्यावं लागतं. किती तीव्रतेचा आवाज पोहोचतो हे इथे कळतं.

काचेच्या पेटीत राहून आलेल्या बाळांना नुसतं ओएई पुरत नाही. फार लवकर जन्मलेलं, दीड किलोपेक्षा कमी वजनाचं, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ झालेलं, व्हेंटिलेटरवर राहिलेलं बाळ असेल, तर कधीकधी कान उत्तर देतो, पण नस पुढे संदेश नेत नाही. ओएई अशा बाळाला पास करून टाकतं. म्हणून त्यांना सुरुवातीलाच मेंदूपर्यंतचा संदेश तपासणारी चाचणी हवी. २०१७ साली आलेलं सोहम हे भारतीय बनावटीचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. डिस्चार्जच्या वेळी वजन, डोळे, हृदय सगळं विचारलं जातं. कानाचं त्यात नाव घ्या.

आणि नात्यातली लग्नं. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, अजून आहे. जन्मजात बहिरेपणाची बरीचशी कारणं आनुवंशिक असतात, आणि आईवडील एकाच घराण्यातले असले की दोघांकडून तोच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. अशा घरातल्या दोन्ही आजी-आजोबांना छान ऐकू येत असतं, म्हणून "आमच्यात कुणाला नाही" हे ऐकून डॉक्टरांनी थांबू नये. आईच्या पोटात असताना रुबेला झाला, तरी बाळाचे कान जातात. गोवर-रुबेलाची लस गोव्यात २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये मोहीम म्हणून आली, तिचा एक मोठा हेतू हाही होता.

(दृश्य : चार महिन्यांचं बाळ, कानामागे इवलंसं श्रवणयंत्र. आई बोलते, बाळ तिच्या ओठांकडे पाहतं.)

निदान झालं, की रडू येतंच. पण दुसऱ्या दिवसापासून करण्यासारखं खूप असतं. काही आठवड्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र बसतं. कान वाढतो तसा त्याचा साचा बदलत राहायचा. यंत्रानं पुरेसं ऐकू येत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून अंतर्कर्णात बसवायचं यंत्र. लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून ती शस्त्रक्रिया, उत्पन्नाच्या अटीवर, मोफत होते आणि त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. पण इम्प्लांट बसवलं आणि मूल बोलायला लागलं, असं होत नाही. यंत्र जुळवून घ्यायला वारंवार जावं लागतं आणि वर्षानुवर्षं थेरपी चालते. त्यातली निम्मीअधिक थेरपी स्वयंपाकघरात आईच करते : भाजी निवडताना, आंघोळ घालताना, प्रत्येक वस्तूचं नाव घेत.

ज्या घरात आईवडीलच मूकबधिर आहेत, तिथे मूल पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा शिकतं, आणि ती पूर्ण भाषा आहे. इतर घरांनीही ती शिकायला हरकत कसली? मुलाला लवकर भाषा मिळणं महत्त्वाचं. ती कानातून आली की डोळ्यांतून, यावरून भांडत बसायला बाळाकडे वेळ नाही.

(दृश्य : पहिल्या दृश्यातलीच आई. कार्ड उलगडून ताईंपुढे धरलेलं.)

पास झालेल्या बाळांच्या घरांसाठी थोडं. पास म्हणजे आज ऐकू येतंय. मेंदूज्वर झाला, गर्भात विषाणूचा संसर्ग होऊन गेला असला, घरात कुणाला लहानपणीच बहिरेपणा आला असला, तर दोष नंतरही येऊ शकतो. नऊ-दहा महिन्यांपर्यंत 'बाबा-दादा' नाही, वर्षानंतर नावानं हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाला दोन-चार शब्द नाहीत, असं असेल तर अंगणवाडीताईंना सांगा. जिल्हा रुग्णालयात बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे जा. आणि बाहेर पडताना बेरा करायची का, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा.