जसं रान, तसं पातं

(दृश्य: भट्टी, भात्याचा आवाज)

कोकणातल्या या भट्टीवर सकाळपासून एकच काम चाललंय. ट्रकचा जुना कमानपाटा कापून, तापवून, घणाखाली ठोकून त्याचा कोयता होतोय. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे धक्के सोसलेलं हे पोलाद लोहाराच्या खात्रीचं असतं.

आता जवळून पाहा. पातं लालबुंद झालं आणि लोहाराने धारेला पाणी दिलं. चर्रर्र! या क्षणी धार कडक आहे, पण काचेसारखी ठिसूळ. दगडाला लागली तर टवकाच उडेल. म्हणून पातं घासून उजळायचं आणि पुन्हा हलक्या आचेवर धरायचं. उजळलेल्या पोलादावर रंग चढत जातो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार जास्त दिवस टिकते. निळ्यापर्यंत गेलं तर पातं लवतं, पण मोडत नाही. कुठे थांबायचं हे ठरवण्याआधी लोहाराला माहीत हवं, की हा कोयता चालणार कशावर.

जंगलात न्यायला सुरी कोणती घ्यावी, असं ट्रेकला जाणारी मुलं मला विचारतात. मोबाइलवर फोटो दाखवतात. काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र. मी आधी एवढंच विचारतो, जंगल कुठलं?

(दृश्य: पाऊस, कारवीचं रान)

आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या वेली, कारवी, बांबू, करवंदीच्या जाळ्या. इथे वाट करायला कोयताच हवा. त्याचं आत वळलेलं टोक फांदी ओढून घेतं, हात काट्यांपासून लांब राहतो. कमरेच्या मागे आकडीला अडकवला की माडावर चढायला दोन्ही हात मोकळे. पिढ्यान् पिढ्या वापरून घडलेलं हे अवजार आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

या पावसात दुसरी काळजी गंजाची. कार्बन पोलादाला साध्या दगडावरही चटकन धार लागते, पण ते गंजतं. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, त्याने गंज लांबतो. जुलैतल्या एका ट्रेकनंतर मी माझी सुरी चामड्याच्या म्यानात तशीच ठेवून दिली. खंडेनवमीला पूजेसाठी काढायला गेलो, तर पातं म्यानाला धरून बसलेलं. धारेवर बारीक खड्डे पडलेले. फार वाईट वाटलं. चामडं पाणी धरून ठेवतं. तेव्हापासून पातं पुसून, खोबरेलाचा हात फिरवून, म्यानाबाहेर ठेवतो.

(दृश्य: बर्फ, बर्चची झाडं)

फिनलंडमधली पुक्को ही सुरी कोयत्याच्या अगदी उलट. पातं जेमतेम वीतभर, बहुतेकदा त्याहूनही आखूड. पात्याचं शेपूट लाकडी मुठीच्या आत लपलेलं. आपल्याकडे सल्ला मिळतो, की मुठीच्या टोकापर्यंत सलग पोलाद असलेलीच सुरी घ्या. मजबुतीच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण उणे 20 अंशांत तेच उघडं पोलाद तळहाताला चावतं. लाकूड चावत नाही. फांद्या तोडायला त्याच उत्तरेतले सामी लोक लेउकू नावाची मोठी सुरी बाळगतात.

नेपाळची खुकरी पुढे वाकलेली, वजन पुढच्या बाजूला, म्हणून घाव जड बसतो. तिच्या म्यानात मात्र आणखी दोन इवल्या वस्तू असतात. बारीक कामाला कर्दा ही छोटी सुरी आणि धार सारखी करायला चकमक ही बोथट पट्टी. मोठं पातं बारीक काम करत नाही, हे खुकरी वापरणाऱ्यांनी कधीच ओळखलं होतं.

आणि लडाख? झाडंच विरळ, तोडणार काय? दोरी, पाकिटं, पट्ट्या कापायला चार इंची पातं पुष्कळ.

सह्याद्रीत ट्रेकला जायचं असेल, तर मी सांगेन, चार-साडेचार इंचांचं पातं, जाडी तीन-चार मिलिमीटर, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत. पाठीवर दाते नकोत. ते नीट कापत नाहीत, आणि लाकूड फोडताना पाठीवर ओंडक्याने ठोकायचं म्हटलं तर आड येतात. पोकळ मूठ तर नकोच, ती सांध्यातच तुटते.

कोयना, राधानगरीसारख्या अभयारण्यात मात्र लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा नियम आहे. निघण्याआधी वन विभागाच्या कचेरीत विचारून घ्या.

(दृश्य: पुन्हा भट्टी)

मूठ बसली. गिऱ्हाईक दारातच थांबलंय. कोयता डोळ्यांसमोर आडवा धरून तो धार न्याहाळतो, अंगठा हलकेच आडवा फिरवतो, कोयता आकडीला अडकवतो आणि बागेची वाट धरतो.