परतीच्या बोटीपासून मागे: बूनेसच्या किनाऱ्यावरील एका दिवसाचे नियोजन

(डोंगरभटक्यांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आज ज्या वाटेविषयी मी बोलणार आहे ती एका बाजूने जेमतेम तीन किलोमीटरची आहे आणि तिच्यावरचा चढ ऐंशी मीटरच्या आसपास आहे. सिंहगडाची आतकरवाडीची वाट दर रविवारी चढणाऱ्या माणसाने हे आकडे ऐकले, तर यात नियोजन ते काय करायचे, असे त्याला वाटेल आणि त्याचे वाटणे अगदीच चुकीचे ठरणार नाही. पायांपुरते बोलायचे तर बूनेसची वाट सोपी आहे. तिथे दिवस फसतो तो बोटीच्या वेळापत्रकामुळे, वाऱ्यामुळे आणि उजेडाविषयीच्या आपल्या जुन्या सवयीमुळे. म्हणून आजचे बोलणे चालण्यापेक्षा चालण्याआधीच्या तयारीविषयी अधिक असेल.

प्रथम जागा समजून घेऊ. नॉर्वेच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, साधारण ६८ अंश उत्तर अक्षांशावर लोफोटेन नावाचा द्वीपसमूह आहे. त्याच्या दक्षिण टोकाजवळचे मोठे बेट म्हणजे मोस्केनेसोया. मुख्य भूमीवरील बोडो शहरातून मोटारी वाहून नेणारी फेरी निघते आणि तीन-चार तासांत मोस्केनेसच्या धक्क्याला लागते; तिथून रेइने हे गाव पाचेक किलोमीटरवर आहे. हे गाव बेटाच्या पूर्व अंगाला, एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, मुखाशी वसलेले आहे. हिमयुगात हिमनद्यांनी हे बेट इतके कोरून काढले, की रेइनेच्या फ्योर्डचे फाटे पश्चिमेच्या खुल्या समुद्रापासून अगदी थोड्या अंतरावर येऊन थांबतात. त्यांतल्या एका फाट्याचे टोक आणि पश्चिमेचा महासागर यांच्यामध्ये जी बुटकी खिंड उरली आहे, ती ओलांडली की बूनेस. पलीकडे रुंद पांढरी वाळू आहे आणि तिच्या कडेला ६०२ मीटर उंचीच्या हेल्वेतेस्टिंडेन शिखराचा कडा उभा आहे. गाडीरस्ता तिथे पोचत नाही. रेइनेहून विन्डस्टाड या छोट्या वस्तीपर्यंत प्रवासी बोटीने अर्ध्या तासाच्या आत जायचे आणि पुढे चालायचे, हाच सर्वसामान्य माणसाचा मार्ग आहे.

इथेच नियोजनाची पहिली गाठ आहे. ही बोट स्थानिक लोकांची वाहतूक करणारी बोट आहे, सहलीसाठी काढलेली नव्हे. तिचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, वारांनुसार बदलते, उन्हाळ्यात फेऱ्या वाढतात आणि एरवी त्या मोजक्या असतात. मागच्या वर्षी कोणी तरी जाऊन आला आणि त्याने सांगितलेल्या वेळा आपण वहीत उतरवून घेतल्या, तर त्या वेळांचा उपयोग शून्य. नूरलान प्रांताच्या सार्वजनिक वाहतुकीचे चालू वेळापत्रक किंवा देशभरच्या प्रवासाची माहिती देणारे ‘एन्टूर’ हे अ‍ॅप, एवढेच ग्राह्य धरावे. आणि ते आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहावे.

आपल्याकडे गडावर जाताना आपण सकाळपासून पुढे मोजतो. सहाला निघू, आठला पायथा, अकराला माथा, मग पाहू. बूनेसला हा हिशेब उलटा करावा लागतो. आधी परतीची बोट ठरवावी, तीही शेवटची नव्हे तर शेवटच्या आधीची, आणि तिच्यापासून मागे यावे. उदाहरणापुरते समजा, की तुम्ही निवडलेली परतीची बोट विन्डस्टाडहून दुपारी चारला सुटते. धक्क्यावर वीस मिनिटे आधी पोचायचे, कारण जुलैत गर्दी असते आणि बोट लहान असते. किनाऱ्यापासून धक्क्यापर्यंत एक तास धरायचा. कोणाचा पाय मुरगळला, वाट निसरडी झाली किंवा फोटोच्या नादात कोणी मागे राहिले, तर त्यासाठी निदान अर्धा तास वेगळा ठेवायचा. म्हणजे वाळू सोडण्याची वेळ दुपारी दोन-सव्वादोनची झाली. ही वेळ कागदावर लिहून गटातल्या प्रत्येकाच्या खिशात असली पाहिजे. फक्त म्होरक्याच्या डोक्यात असून भागत नाही. आणि विन्डस्टाडला उतरतानाच बोटीवरच्या माणसाला सांगावे, की आम्ही इतके जण अमुक फेरीने परतणार आहोत. यात संकोच करण्यासारखे काही नाही. बोटवाल्यांनाही किती माणसे पलीकडे आहेत हे माहीत असलेले बरेच असते.

आता उजेडाकडे येतो. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाच्या अंगात एक घड्याळ मुरलेले असते आणि ते सूर्यावर चालते. ऊन कलू लागले, सावल्या लांबल्या, की पाय आपोआप उताराकडे वळतात. लोफोटेनमध्ये मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. दुपारचे दोन आणि रात्रीचे नऊ यांत उजेडाच्या प्रमाणात फरक असतो, पण ‘आता निघायला हवे’ असे सांगणारा अंधार कुठेच नसतो. शिवाय नॉर्वेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, आणि रेइनेच्या रेखांशावर त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर एक वाजून गेल्यावर. सूर्याकडे पाहून वेळ ताडणाऱ्या अनुभवी माणसाचा अंदाज तिथे तासाभराने सहज चुकतो. बूनेसचे तोंड वायव्येकडे असल्याने मध्यरात्रीचा सूर्य तिथून दिसू शकतो, आणि त्यासाठी लोक तंबू घेऊन राहायला येतात. पण एका दिवसात परतणाऱ्याने मनगटावर घड्याळ बांधावे आणि आकाशाकडे फक्त हवामानासाठी पाहावे.

चालण्याचा वेळ काढण्यासाठी गिर्यारोहकांमध्ये एक जुना नियम प्रचलित आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरसाठी आणखी एक तास. या हिशेबाने बूनेसची वाट पाऊण तासाची होते. पण नेस्मिथच्या हिशेबात पायाखालची जमीन चांगली असल्याचे गृहीत आहे, आणि उत्तर नॉर्वेतील जमिनीविषयी असे गृहीत धरणे महागात पडते. शेजारच्याच होर्सेइड या दुसऱ्या किनाऱ्याचे पाहा. तिथे बोटीतून किर्केफ्योर्डला उतरून सुमारे १८० मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते आणि अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे. नियमाप्रमाणे तास-सव्वातास व्हायला हवा; प्रत्यक्षात ओल्या, बसक्या, पाय रुतणाऱ्या जमिनीतून दीड ते दोन तास लागतात. म्हणून मी पहिल्यांदा जाणाऱ्याला बूनेसच सुचवतो. दोन्ही किनारे एका दिवसात पदरात पाडून घेण्याचा मोह मात्र आवरावा.

बूनेसच्या वाटेचे रूप थोडक्यात असे. विन्डस्टाडच्या धक्क्यापासून फ्योर्डच्या काठाने एक अरुंद कच्चा रस्ता निघतो. बाजूला तुरळक लाकडी घरे आहेत, त्यांतली बरीचशी आता उन्हाळ्यापुरती उघडतात. डावीकडे-उजवीकडे सरळ उठलेले डोंगर, मध्ये फ्योर्डचे पाणी, आणि बऱ्याचदा इतकी शांतता की बाहेर समुद्र खवळलेला असेल अशी शंकाही येत नाही. फ्योर्ड संपतो तिथे घरेही संपतात आणि गवतातली पायवाट खिंडीकडे चढते. चढ संपण्याच्या सुमारास, वाळू दिसण्याच्या थोडे आधी, वारा अंगावर येतो. तो हळूहळू वाढत नाही, एखादे दार उघडावे तसा येतो. टोपी हातात धरावी लागते आणि बोलणाऱ्याचा आवाज मागच्यापर्यंत पोचत नाही. मग उतार, गवताळ सपाटी आणि त्यानंतर वाळूचे प्रशस्त मैदान. ही वाळू बारीक आणि हलकी आहे; जोराच्या वाऱ्यात ती घोट्याएवढ्या उंचीवरून सरसरत वाहते, डब्यात जाते, कॅमेऱ्याच्या फिरत्या भागांत जाते, आणि जेवायला बसायचे तर पाठीमागे मोठा धोंडा शोधावा लागतो.

वाऱ्याचा हा अनुभव अपघात नव्हे, तो भूगोल आहे. रेइने डोंगरांच्या आडोशाला आहे आणि बूनेस खुल्या नॉर्वेजियन समुद्राला सामोरा आहे. मधली खिंड ही त्या डोंगररांगेतली फट आहे, आणि नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येणारा वारा तिच्यातून कोंडून निघतो. त्यामुळे सकाळी खोलीच्या खिडकीतून पाणी आरशासारखे दिसते म्हणून निघालो, हे कारण चालणार नाही. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था मिळून ‘यर’ नावाची अंदाजसेवा चालवतात. तिच्यावर गावाचे नाव न टाकता किनाऱ्याचे ठिकाण शोधावे आणि तासागणिक अंदाज पाहावा. वाऱ्याचा वेग तिथे मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो. आपल्या कानांना किलोमीटर प्रति तासाची सवय असल्याने दहाचा आकडा किरकोळ वाटतो, त्याला ३.६ ने गुणावे, म्हणजे तो ताशी ३६ किलोमीटर आहे हे ध्यानात येईल. जुलैत तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असते. कोरड्या अंगाने, वारा नसताना ही हवा सुखद आहे. भिजलेल्या सुती शर्टावर तोच वारा लागला तर काय होते, हे माळशेजच्या पावसात कुडकुडलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की बूनेसला चहाची टपरी नाही.

कपड्यांविषयी यापुढे फारसे बोलत नाही. अंगालगत लोकर, वर जलरोधक जाकीट, सुती काहीही नाही, कोरड्या मोज्यांचा एक जोड जास्तीचा. शिधा रेइनेतून निघतानाच बरोबर हवा. रविवारी नॉर्वेत बहुतेक मोठी किराणा दुकाने बंद असतात आणि पर्यटनस्थळी मिळणाऱ्या सवलतीवर विसंबू नये, तेव्हा खरेदी शनिवारी उरकावी. भारतातून थेट नेण्याच्या खाऊबद्दल एक सूचना: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, म्हणून पेढ्यांचा पुडा घरीच ठेवावा. भाजणी न्यावी, तिला कोणाची हरकत नाही.

समुद्रात उतरण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पश्चिमेच्या या किनाऱ्यांवर महासागराच्या लाटा थेट येतात, जीवरक्षक नसतात आणि पाणी उन्हाळ्यातही थंड असते. पाय बुडवावेत, पोहू नये. याच बेटाच्या दक्षिण टोकाशी मोस्कस्ट्राउमेन हा जगातल्या सर्वांत जोरकस भरती-प्रवाहांपैकी एक वाहतो. तो बूनेसला नाही, पण या पाण्याचा स्वभाव काय आहे ते त्यावरून कळावे.

नॉर्वेत मोकळ्या रानावनातून फिरण्याचा हक्क सर्वांना आहे आणि १९५७ च्या कायद्याने तो लिखित झाला आहे. तो परदेशी पाहुण्यालाही लागू होतो, म्हणून परवाना, प्रवेशपत्र वगैरे शोधत बसू नये. मात्र हक्काबरोबर मर्यादाही आहेत: तंबू राहत्या घरापासून निदान १५० मीटर दूर हवा, जंगलात आणि जंगलाजवळ १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावर आग पेटवता येत नाही, आणि कचरा अर्थातच परत आणायचा. मोस्केनेसोयाच्या पश्चिम अंगाचा मोठा भाग २०१८ पासून लोफोटोडेन राष्ट्रीय उद्यानात आहे, त्यामुळे तिथले फलक थांबून वाचावेत.

नॉर्वेच्या पर्यटन संघाने आणि रेडक्रॉसने डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम प्रसिद्ध केले आहेत. सध्याचे रूप २०१६ चे आहे. त्यांतला पहिला नियम बेत आखून तो कोणाला तरी सांगून जाण्याविषयी आहे, आणि वेळीच माघारी फिरण्यात लाज नाही, असेही त्यांत सांगितले आहे. माघारी फिरण्याचा हा नियम बूनेसला विशेष लागू पडतो. अंदाज वाईट असेल किंवा बोट रद्द झाली, तर पर्याय आधीच ठरलेला असावा. माझा पर्याय क्वालविका. तिथे फ्रेडवांगच्या बाजूने गाडीने जाता येते, बोटीची गरज नाही, आणि सुमारे १७० मीटरची खिंड ओलांडून किनाऱ्यावर उतरता येते. गर्दी मात्र पुष्कळ असते आणि गाड्या लावायला जागा कमी. आणि वाऱ्यामुळेच बोट बंद असेल, तर क्वालविकाही त्याच समुद्राला सामोरी आहे हे विसरू नये. त्या दिवशी रेइनेतच राहून कॉड मासे वाळत घालण्याच्या लाकडी घोड्या पाहाव्यात.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथे जोडतो. आठ वर्षांचे मूल चालेल का? चालेल, मुलाला ही वाट झेपते. फक्त धक्का ते किनारा हा वेळ दुप्पट धरावा आणि त्यासाठी सकाळची पहिली बोट पकडावी. दुसरा प्रश्न, बोट चुकलीच तर? तर आधी रेइनेतल्या ज्याला बेत सांगितला होता त्याला फोन किंवा संदेश करावा, म्हणजे तो विनाकारण शोधपथक बोलावणार नाही. डोंगराआड रेंज जाऊ शकते, म्हणून हा फोन धक्क्यावरूनच करून पाहावा. पुढची बोट त्याच दिवशी असेल तर ती घ्यावी; नसेल तर वस्तीत कोणी असल्यास विचारावे, आणि जास्तीचा गरम कपडा व एक वेळचे खाणे पिशवीत असेल तर उन्हाळ्यातली रात्र निभावते. ११३ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक खरोखरच्या दुखापतीसाठी आहे, चुकलेल्या बोटीसाठी नाही. डोंगरावरून दुसऱ्या बाजूने चालत रेइनेला पोचू, असा विचार मात्र कोणी करू नये. मधले कडे वाट देत नाहीत.